मुठीतली शांती

मी सतरंजी बोलतेय. हो, आवाज खालूनच येतोय. जरा पाय उचला, म्हणजे नीट ऐकू येईल. माझ्यावर बसून माणसांनी देवाशी बोलणं केलं, एकमेकांच्या कागाळ्याही केल्या, पण माझं काय म्हणणं आहे ते आजवर कुणी विचारलं नाही. आता अंगावर भोकं पडायला लागलीत, तेव्हा विचारायची वाट न बघता मीच सांगून टाकते.

माझा जन्म देगलूरचा. विणणारा तेलुगू, त्याची बायको कानडी आणि गिऱ्हाईक मराठी. त्यामुळे नावापासूनच माझी ओढाताण. तो मला जंपखाना म्हणायचा, ती जमखाना म्हणायची, आणि मराठी माणसानं दुकानात पाय ठेवला की माझी सतरंजी व्हायची. अंगावर लाल-निळे पट्टे, मधून पांढऱ्या रेघा. एका ठिकाणी विणताना धागा तुटला आणि तिथं गाठ राहिली. विणकराची बायको त्यावरून नवऱ्याला पुष्कळ बोलली. पण त्या गाठीनं पुढं मला जेवढं प्रेम मिळवून दिलं, तेवढं साऱ्या पट्ट्यांनी मिळून दिलं नाही.

मला घ्यायला आल्या उदगीरच्या विठाबाई. त्या मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. उभा जन्म बाळंतपणं करण्यात गेला. आमच्या भागातली निम्मी माणसं आधी त्यांच्या हातात आली आणि मग आईच्या कुशीत. स्वतः लग्न केलं नाही. आई लवकर गेली म्हणून धाकट्या भावाला, दगडोबाला, त्यांनीच लहानाचा मोठा केला. दुकानात त्यांनी मला उलटीपालटी केलं, कड ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "ही द्या. लेकरू मुतलं तरी धुता आली पायजे." माझी पहिली पारख झाली ती अशी.

तशी मी आले उदगीरच्या चर्चमध्ये. चर्च दगडी, निजामाच्या वेळचं. उपासना मोठी शिस्तीची. घंटा झाली की सगळे उभे. पुढं क्रूस घेतलेला माणूस, मागं पांढऱ्या झग्यातले पाळक, हळूहळू मधल्या वाटेनं वेदीकडं जाणार. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, पाळकांनी काय म्हणायचं आणि मंडळीनं काय उत्तर द्यायचं, सगळं वाडवडिलांपासून ठरलेलं. अशा ठिकाणी मला पसरायचं कुठं, यावर चर्चा झाली. बाकांच्या मागं पसरा, असं बहुतेकांचं मत पडलं.

विठाबाई म्हणाल्या, "लेकरं मागं बसली तर काय बघतील? तुमच्या पाठी! पुढं बसू द्या, देव तिकडं हाय." आणि त्यांनी मला थेट वेदीच्या कठड्यापुढं अंथरलं. स्वतः बाजूच्या पहिल्या बाकावर बसल्या.

तेव्हापासून मी लेकरांची झाले. आता लेकरांबद्दल मला विचाराल तर मी कौतुकच करणार, हे आधीच सांगून ठेवते. मोठी माणसं प्रार्थनेला गुडघे टेकतात म्हणजे काय करतात ठाऊक आहे? बाकाच्या कडेला नुसती टेकतात आणि पुढं वाकतात. लेकरं खरोखर गुडघे टेकतात. त्यांच्या गुडघ्यांचा भार मला कळतो. डोळे मिटतात, एक उघडून वेदीकडं बघतात, पुन्हा मिटतात. गाण्याचे शब्द येत नसले तरी सूर सोडत नाहीत. उपदेश लांबला तर झोपतात, हे खरं. पण बाकांवरही झोपतातच की. फरक एवढाच की लेकरं आडवी होऊन प्रामाणिकपणे झोपतात.

माझी ती गाठ, तिला लेकरांनी नाव ठेवलं 'सतरंजीची बेंबी'. तिथं बसायला दर रविवारी भांडण. ज्याला जागा मिळेल त्यानं गाठीवर बोट ठेवायचं आणि सगळी उपासना तसंच बसायचं. कित्येक लेकरं तिथं बोट ठेवून मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, लातूर-नांदेडला गेली.

हल्लीच्या मंडळींत सिंधुची गोष्ट सांगते. दीपमालाची ही मुलगी, तेव्हा अजून शाळेतही जात नव्हती. तिची शेजारीण लुंबिनी. लुंबिनी बौद्ध घरातली, पण सिंधु निघाली की तीही निघते; माझ्यावर जागा आहे, एवढं कारण तिला पुरतं. ताठ मांडी घालून बसावं ते लुंबिनीनं. विहारात बसायची सवय तिला, आमच्याकडं त्याचा उपयोग होतो. सिंधुचं मात्र तोंड बंद राहत नाही. एकदा पाळक म्हणाले, "हे प्रभू, ऐक." मंडळी म्हणाली, "आमची प्रार्थना ऐक." पाळक पुन्हा म्हणाले, मंडळी पुन्हा म्हणाली. चौथ्या वेळेला सिंधु मोठ्यानं म्हणाली, "ऐकून राह्यलाय ना तो! कितींदा सांगून राह्यलाव?"

आमच्या पाळकांचं नाव आदर्श, वयानं तरुण आहेत. त्यांनी पुस्तकामागं तोंड लपवलं. दगडोबांनी मात्र दाराशी उभं राहून डोळे वटारले.

दगडोबा आता साठीच्या पुढं गेलेले. विठाबाईंचे धाकटे भाऊ, ते हेच. एसटीत कंट्रोलर होते. गाडी वेळेवर सुटली पाहिजे आणि माणसं रांगेत चढली पाहिजेत, यात जन्म गेला. निवृत्त झाले आणि चर्चचे सेक्रेटरी झाले. माणूस वाईट नाही. बाकांवरची धूळ स्वतः पुसतात, घड्याळाला चावी देतात, शनिवारी नळीनं अंगण धुतात. देवाच्या घरात अदब पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला वाटण्याच्या, आधी आमच्याकडं शांती देतात. घेणाऱ्यानं ओंजळ पुढं करायची, देणाऱ्यानं त्या ओंजळीत आपले हात ठेवायचे आणि म्हणायचं, "शांती असो." मग घेणाऱ्यानं वळून शेजारच्याला द्यायची. पाळक वेदीवरून उतरून पहिली शांती लेकरांना देत. लेकरांकडून ती विठाबाईंना, त्यांच्याकडून बाकांवर, आणि हातोहात मागं जात जात शेवटी दाराशी उभ्या दगडोबांना. त्यांच्या ओंजळीत शांती पोचली की ते मान हलवत आणि मग पाळक पुढचं वाचायला घेत. मान हलल्याशिवाय उपासना पुढं सरकत नसे. यात एक नियम होता: ज्याच्याशी अबोला आहे, त्यालाही चुकवून पुढं जायचं नाही.

तर एका रविवारी वेदीवर भाकर आणि प्याला उचलला जात होता. सगळीकडं चिडीचूप. तेवढ्यात सिंधुची स्टीलची पाण्याची बाटली आडवी झाली, माझ्यावरून घरंगळली आणि दगडी फरशीवरून खणखणत, बाकांखालून वाट काढत थेट दगडोबांच्या पायाशी जाऊन थांबली. आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले. त्याच सकाळी बाकांवरच्या दोघांचे मोबाइल वाजले होते, पण मोबाइल मोठ्या माणसांचे होते.

त्या आठवड्यात पंचकमिटीची बैठक माझ्यावरच बसून झाली. दगडोबा नेहमीसारखे उभ्यानंच म्हणाले, "ही बेअदबी हाय. लेकरांना ओट्यावर बसवा. उपासना झाली की आत घ्या. आन् हितं त्या नांदेडच्या पाव्हण्यांनी दिलेला लाल गालिचा टाकू."

विठाबाई म्हणाल्या, "दगडू, लेकराला बाहिर काढून कुणापुढं अदब दाखवतूस? तुझ्या बाप्तिस्म्याला तू पाळकाच्या झग्यावर मुतलास. कुणी तुला ओट्यावर न्हेऊन ठिवलं न्हाई."

पंच हसले. पोट धरून हसले. दगडोबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साऱ्या एसटी डेपोनं ज्याला वचकून राहावं, त्याचं असं चारचौघांत बारसं झालं. ठराव मात्र पास झाला आणि त्या दिवसापासून त्यांनी आक्काशी बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर आले. आणि काय सांगू, माझ्यामागोमाग काठी टेकत विठाबाईही आल्या. पाळक बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही आत चला." त्या म्हणाल्या, "लेकरं बाहिर तर मी बाहिर. मला कुणी काढलं न्हाई, मीच आलेय." भाकर आणि प्याला बाहेर आणून देतो म्हटलं, तर त्यालाही त्यांनी नकार दिला. सगळी लेकरं आत असतील त्या दिवशी घेईन, म्हणाल्या. ज्या बाईनं दर रविवारी त्या कठड्याशी गुडघे टेकले होते, ती आता दाराबाहेर बसून आतली गाणी ऐकू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, धूळ लई उडते.

दाराच्या दोन फळकुटांपैकी एक लावलेलं असायचं, आवाज आत जाऊ नये म्हणून. दुसरं उघडं असायचं, तिथून लेकरं आत बघायची. आणि मग मी जे पाहिलं ते आत कुणी पाहिलं नाही. आत मंडळी उभी राहिली की ओट्यावर लेकरं उभी राहायची. आत बसली की बसायची. आत गुडघे टेकले की माझ्यावर गुडघे टेकले जायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. लुंबिनी सगळ्यांना हातानं खूण करायची. ज्यांच्या बेअदबीपायी हे सगळं झालं, ती लेकरं ओट्यावर अशी उपासना करत होती की आतल्यांनी बाहेर येऊन शिकावी.

आणि आत काय? आत शांती हातोहात यायची आणि दगडोबांच्या ओंजळीत थांबायची. दाराच्या पलीकडं चार हातांवर त्यांची सख्खी बहीण बसलेली. अबोला असलेल्याला चुकवायचं नाही, हा नियम. पण मधे दार होतं, म्हणून नियम मोडत नव्हता. माणसं अशी हुशार असतात. मान हलवण्याआधी दगडोबा एकदा आपल्या भरल्या ओंजळीकडं बघायचे. मी ओट्यावरून बघत होते. त्यांनाही ते जड जात होतं, एवढं मला कळत होतं.

एका रविवारी सिंधुनं दारातून हे देणं-घेणं नीट पाहिलं आणि विचारलं, "आजी, ते काय वाटून राह्यले?"

"शांती," विठाबाई म्हणाल्या.

"आपल्याला कामून न्हाई आली?"

विठाबाई तिचे केस सारखे करत होत्या. सहज बोलून गेल्या, "तिकडंच सरली आसंल, माय."

झालं. त्या लेकराच्या डोक्यात पक्कं बसलं की शांती ही वस्तू आहे, चुरमुऱ्यासारखी वाटतात, आणि मागच्यांपर्यंत पोचेतो संपते.

पुढच्या रविवारी पाळक वेदीवरून उतरले मात्र, सिंधु माझ्यावरून उठली आणि दारातून, दगडोबांच्या हाताखालून, आत पळाली. अनवाणी पावलं फरशीवर पटपट वाजली. ती थेट पाळकांपुढं जाऊन उभी राहिली आणि ओंजळ केली. दीपमाला बाकावरून अर्धी उठली आणि लाजेनं तशीच खाली बसली. पाळकांनी क्षणभर दाराकडं पाहिलं, मग खाली वाकून तिच्या ओंजळीत हात ठेवले. "शांती असो."

सिंधुनं पटकन मूठ मिटली. वर दुसऱ्या हाताची मूठ दाबून धरली. आणि आता न पळता, हळू हळू, पावलं मोजल्यासारखी मधल्या वाटेनं निघाली. पहिल्या बाकावरच्या बाईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. सिंधु म्हणाली, "ही न्हाई. ही बाहिरची हाय." आणि पुढं चालू लागली. सगळी मंडळी माना वळवून बघत राहिली. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात दगडोबांनी दुसरं फळकूटही लावून घेतलं, आणखी कुणी आत पळू नये म्हणून. सिंधु त्यांच्यापुढं येऊन थांबली.

"काय हाय गं मुठीत?"

"शांती."

"मंग माझ्याकडं दे. ती हितंच संपती."

"तुमाला दिली की सरती. आजीला कधीच उरत न्हाई," सिंधु म्हणाली. "दार उघडा. माझे हात भरल्यात."

दाराआड मी होते, विठाबाई होत्या, सगळी लेकरं होती. आम्ही शब्द न् शब्द ऐकला. मग कडी सरकल्याचा आवाज आला. आधी एक फळकूट उघडलं, मग दुसरंही. दगडोबा बाजूला झाले. सिंधु उंबऱ्यावरून जपून उतरली आणि विठाबाईंपुढं उभी राहिली. विठाबाईंनी ओंजळ पसरली. त्या हातांनी किती जीव झेलले असतील! सिंधुनं मूठ उघडली, हात त्यात ठेवले आणि म्हणाली, "शांती असो, आजी. समदी आणलीय."

आता नियमाप्रमाणं विठाबाईंनी ती पुढच्याला द्यायची. लेकरं होतीच, त्यांनी एकेकाला दिली, लुंबिनीलाही दिली. मग राहिला दारात उभा असलेला माणूस. मधलं दार उघडं होतं. आता चुकवायला काही जागा नव्हती. विठाबाई काठी धरून उठायला लागल्या, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही.

तेव्हा दगडोबा पायातली चप्पल काढून ओट्यावर आले आणि माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नेमके माझ्या बेंबीवर बसले. त्यांना काय ठाऊक! त्यांनी ओंजळ पुढं केली. विठाबाईंनी आपले हात त्यात ठेवले आणि म्हणाल्या, "शांती असो, दगडू."

दगडोबांची मान हलेना. आत पाळक पुस्तक उघडं धरून थांबलेले, मंडळी थांबलेली, सगळी उपासना त्या एका मानेपायी अडलेली. दगडोबा खाली मान घालून हळूच म्हणाले, "आक्का, खरंच मुतलो होतो का म्या?"

"धो धो," विठाबाई म्हणाल्या.

आणि दोघंही हसले. हसता हसता दगडोबा रडले. ते आक्काच्या हातांत तोंड घालून रडले, आणि मला फार फार बरं वाटलं. मग धोतराच्या सोग्यानं नाक पुसून ते उठले आणि त्यांनी माझी एक कड उचलली. "उठा रे लेकरांनो. धरा कडा. हिला आत न्यायचीय."

लेकरांनी चारी बाजूंनी मला धरलं. एकानं वर, एकानं खाली, कुणी पुढं ओढतंय, कुणी मागं. अशी वाकडीतिकडी होत, ओट्यावरची सगळी धूळ सांडत मी मधल्या वाटेनं वेदीकडं गेले. पुढं क्रूस घेऊन कुणी नव्हतं, पण माझी मिरवणूक झाली. दगडोबांनी मला त्या नव्या लाल गालिच्यावरच पसरलं. मागून पाळकांचा हात धरून विठाबाई आल्या आणि आपल्या जुन्या जागी बसल्या. मग दगडोबा दाराशी गेले आणि त्यांनी मान हलवली. त्या दिवशी विठाबाईंनी लेकरांच्या घोळक्यात बसून प्रभुभोजन घेतलं.

त्यालाही आता बराच काळ लोटला. सिंधुला पुष्कळांनी समजावलं की शांती म्हणजे काही वस्तू नाही, मूठ मिटायची गरज नसते. तिनं कुणाचं ऐकलं नाही. लेकरांनी तिचं पाहिलं, बाकांवरच्या माणसांनी लेकरांचं पाहिलं. आता आमच्याकडं उपासना सुटली की निम्मी मंडळी मूठ मिटून बाहेर पडते. कुणाच्या घरी आजारी आई असते, कुणाचा भाऊ रुसलेला असतो, कुणाच्या शेजाऱ्याशी बांधावरून वाद असतो. मध्यंतरी बिशपसाहेब आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि विचारलं, हा काय प्रकार? दगडोबा हात जोडायच्या ऐवजी मूठच वर करून म्हणाले, "सांडू न्हाई म्हून, साहेब."

विठाबाईंना आता अंथरूण सुटत नाही. दगडोबा दर रविवारी चर्चमधून निघतात ते मूठ मिटूनच स्टेशनच्या रस्त्यानं आक्काकडं जातात. वाटेत कुणी सलाम केला तर हनुवटीनंच उत्तर देतात. सोबत सिंधु असते. मूठ नीट मिटली आहे का, यावर तिची नजर असते. हे मला तिनंच माझ्या बेंबीवर बोट ठेवून सांगितलं. आक्काच्या ओंजळीत हात ठेवले की आक्का एवढंच विचारते, "लेकरांनी गडबड केली का?"

"लई," दगडोबा म्हणतात.

"मंग बरं झालं."

माझं म्हणाल तर कड उसवलीय, निळा पट्टा विटून राखी झालाय, मधे दोन भोकं पडलीत. नवी सतरंजी आणायचं बोलणं चाललंय. आणा. मी रुसणार नाही. माझी पायपुसणी करा, तुकडे करून बाकांखाली घाला, काही म्हणणार नाही. फक्त नवी येईल तिला पुढं पसरा, कठड्याजवळ. आणि जमलं तर तिच्यातही कुठंतरी एक गाठ राहू द्या. लेकरांना बोट ठेवायला जागा लागते.

चला, आता पाय ठेवलेत तरी चालेल. पण हाताची मूठ मिटलेली असेल, तर जपून उतरा.